गृहीत: फराळी

माझ्या लॅबच्या दारावर मी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक पाटी आहे: ‘घ्यायचं तर सगळं एका शाखेचं घ्या, नाहीतर हात लावू नका.’ कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बावीस वर्षं लिनक्सवर चालणारी कॉम्प्युटरची यंत्रं सांभाळतोय आणि बावीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी हेच ओरडतोय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण बहुतेक मला बघूनच कोणीतरी करून ठेवली असणार.

पाटीचा अर्थ सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लिनक्सवर कुठलंच सॉफ्टवेअर एकटं काम करत नाही. प्रत्येक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एकेक गठ्ठा, दुसऱ्या चार पॅकेजांच्या जिवावर उभं असतं. म्हणून बनवणारे लोक त्यांच्या शाखा करून ठेवतात. एक पक्की शाखा. तिच्यातलं सगळं जुनं, पण दोन-दोन वर्षं एकमेकांबरोबर चालवून तपासलेलं. दुसरी चाचणीची. तिच्यात सगळं नवं, बरंचसं चालणारं, पण अजून नजरेखाली असलेलं. पक्क्या यंत्रावर चाचणीतलं एकच पॅकेज उचलून बसवलं, की एका कंपनीच्या कुकरला दुसऱ्या कंपनीची रिंग लावल्यासारखं होतं. झाकण बसतं, शिट्टीसुद्धा होते. पण कधी उडेल ते सांगता येत नाही.

आता माझ्या बायकोबद्दल. हर्षदाला एकोणिसाव्या वर्षापासून टाईप वनचा मधुमेह आहे, म्हणजे तिच्या शरीरात इन्शुलिन बनतच नाही. आमचं लग्न झालं तेव्हा ती दिवसातून चारदा सुई टोचून घ्यायची. आता सहा वर्षं झाली, तिच्या कमरेला काड्यापेटीएवढी डबी असते. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजतो, डबी हिशेब करते आणि पोटाला लावलेल्या नळीतून थेंबथेंब इन्शुलिन सोडते. डबीतलं सॉफ्टवेअर ‘तोल’ नावाच्या स्वयंसेवी मंडळाचं आहे. मंडळातले बहुतेक लोक स्वतः पेशंट, नाहीतर पेशंटच्या घरचे. त्यांच्याकडेही पक्की आणि चाचणी अशा दोन शाखा आहेत, आणि त्यांचा एकच कडक नियम आहे. तो माझ्या पाटीवर लिहिलाय.

कातडीखाली सोडलेलं इन्शुलिन लगेच लागू पडत नाही. पाव तासाने जागं होतं, तासाभराने जोर धरतं आणि चार तास अंगात राहतं. म्हणून जेवणाचं इन्शुलिन जेवणाआधी द्यावं लागतं, आणि एकदा दिलेलं परत काढून घेता येत नाही. त्यासाठी डबीला आधी सांगायचं असतं की मी आता अमुक खाणार आहे. हर्षदा ते रोज इमानेइतबारे सांगायची. फक्त उपवासाच्या दिवशी नाही.

कारण फराळाला ती जेवण मानतच नव्हती. उपवास आहे तर जेवण कुठलं सांगू, असं म्हणत म्हणत साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी सगळं व्हायचं. पक्क्या शाखेची डबी तिने नोंदवलेले उपवास पंचांगात बघायची. आज उपवास म्हणजे पोट रिकामं, असं धरून ती इन्शुलिन उलट कमी करायची. दुपारपर्यंत आकडा तीनशेच्या वर. मी चिडवायचो, एकादशी आणि दुप्पट खाशी. ती म्हणायची, डबी तुमची, उपवास माझा, तुमचं तुम्ही बघा.

तर गेल्या वर्षी श्रावणात चाचणी शाखेत ‘फराळ’ नावाचं पॅकेज आलं. साताऱ्याची गार्गी शेडगे म्हणून मुलगी मंडळाचं काम बघते, तिने ते लिहिलं होतं. उपवास असला की माणसाच्या सवयीवरून खिचडीची वेळ ओळखायची आणि डोस आधीच देऊन टाकायचा. सवय माहीत नसेल तर साडेनऊला. पक्क्या शाखेत ते यायला अजून दीड वर्ष होतं. मला दम निघेना. अख्खी डबी चाचणीवर न्यायची तर भीती वाटली, बायकोच्या जिवाशी खेळ नको म्हणून. मग मी तेवढं एकच पॅकेज उचललं. याला मी काळजी म्हणत होतो.

बसवणाऱ्या प्रोग्रामने साफ नकार दिला. फराळला पंचांग नावाच्या पॅकेजची चौथी आवृत्ती हवी होती आणि डबीत होती दुसरी. चौथी आणायची तर तिच्यामागोमाग डबीतलं सगळंच चाचणीचं येणार होतं. तेव्हा मी जुन्या पंचांगाच्या नोंदीत दोनच्या जागी चार लिहिलं. पंचांग तेच, नुसता आकडा बदलला. प्रोग्राम गप्प बसला. पंधरा मिनिटांचं काम. लॅबमध्ये एखाद्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला टर्म संपेपर्यंत दारात उभा केला असता.

त्या एकादशीला खिचडी खाऊन हर्षदाची साखर एकशे अडतीस. तिने तो आकडा माझ्या आईला नेऊन दाखवला. ‘ह्यांनी केलं’ असं म्हणाली. मी एवढा फुगलो की संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर सगळी कृती पायरीपायरीने लिहून टाकली, खाली नाव: निरंजन पाटणकर, कराड. शेवटची पायरी अशी होती: पहिले काही दिवस डबी उगाच ओरडेल, आवाज बंद ठेवा.

आठवड्याने हरतालिका आली. हरतालिकेला हर्षदा पाण्याचा थेंब घेत नसे. नवऱ्याला दीर्घायुष्य मिळावं म्हणून. पक्की डबी त्या दिवशी अगदी बेताचं इन्शुलिन देऊन तिला सुखरूप पार करायची. पाच वर्षं केलं होतं.

खालच्या मजल्यावर इनामदारकाकूंकडे बायका जमल्या होत्या. वाळूच्या पिंडी करून पत्री वाहणं चाललं होतं. साडेनऊला डबीने खिचडीचा डोस दिला, सहा युनिट. जी खिचडी कोणी केलेलीच नव्हती, तिचा.

दहा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला. मी प्रॅक्टिकल घेत होतो, समोर वीस पोरं.

“अहो, डबी ओरडतेय. साखर खा म्हणतेय. काय करू?”

“काही होत नाही,” मी म्हणालो. “नवीन आहे, रुळेल चार दिवसांत. आवाज बंद कर, डबी सांभाळून घेईल.”

तिने आवाज बंद केला. अकराच्या सुमाराला ती चौरंगावरच कोसळली. कोपऱ्यावर कपाळ आपटून डावी भुवई फाटली. साखर चौतीस. काकूंनी प्रसंगावधान राखून गालाच्या आत साखर चोळली म्हणून ती वाचली, असं डॉक्टर म्हणाले.

आणि मग डॉक्टर तिलाच बोलले. टाईप वन असून निर्जळी उपवास करता, शिकलेल्या आहात ना? माझ्या आईने तर, जिने स्वतः सुनेला हे व्रत दिलं होतं, तिने कॉटजवळ उभं राहून विचारलं की देव काय सांगायला आला होता का जीव दे म्हणून. हर्षदा भुवईला पट्टी लावून पडली होती. चुकलंच माझं, एवढंच बोलली. फोनचा विषय तिने काढला नाही. मी पाण्याचा ग्लास धरून शेजारी उभा होतो. मला वाटलं अजून तिला नीट आठवत नसेल. असं वाटून मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी गणपती. घरी भावाने प्रतिष्ठापना केली, आम्ही हॉस्पिटलात फोनवर आरती ऐकली. हर्षदा झोपल्यावर मी व्हरांड्यात बसून डबीतल्या नोंदी काढल्या. साडेनऊची ओळ अशी होती:

आज: उपवास. प्रकार: मिळाला नाही. गृहीत: फराळी.

सगळं एका ओळीत होतं. पंचांगाच्या चौथ्या आवृत्तीत उपवासाचे प्रकार दिले होते, फराळी कुठला आणि निर्जळी कुठला. गार्गीला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिने चौथी मागितली होती. दुसऱ्या आवृत्तीला विचारलं तर ती एवढंच सांगे, उपवास आहे किंवा नाही. फराळने प्रकार विचारला, उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने आपलं दहातल्या नऊ वेळा असतं तेच धरलं. त्याचं काय चुकलं? पंचांगावर चार लिहिलेलं होतं, त्याने विश्वास ठेवला. हर्षदाने ठेवला तसाच.

मी डबी पुन्हा पूर्ण पक्कीवर नेली आणि नोंदी पुसून टाकल्या.

सांगायचं होतं हो. रोज सांगायचं होतं. टाके निघाले की सांगतो, गणपती गेले की सांगतो, असं चाललं होतं. ती घरी आली आणि तिने सगळे उपवास सोडले. पुढच्या एकादशीला आमच्याबरोबर पोळीभाजी खायला बसली. आईने तोंड फिरवलं. जेवणाआधी हर्षदा देवापुढे उभी राहून हळूच म्हणाली, ‘माझ्या हट्टापायी घरच्यांना त्रास झाला, माफ कर.’ मी बाहेरच्या खोलीत चपला शोधत होतो, मला ऐकू आलं. माझ्या गुन्ह्याची माफी ती मागत होती आणि मी चपला शोधत होतो.

त्याच एकादशीला ग्रुपवर माझं कौतुक चाललं होतं. सर, खिचडी खाऊन एकशे तीस. सर, तुमची कृती म्हणजे कमाल. हरतालिकेपर्यंत ती तिघांनी बसवली होती, तिघेही पुरुष, त्यांच्या डबीत हरतालिकेची नोंद नव्हती. आता नऊ जण झाले. कृती मी काढून टाकू शकत होतो. पण का काढली, असं कोणीतरी विचारणारच. मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मग आठेक दिवसांनी, सकाळी पावणेआठला, हर्षदा दूध तापत ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. आज संकष्टी, चंद्रोदय आठ बेचाळीस, असं तिने सवयीने वाचलं. आणि स्वतःशीच म्हणाली, आपल्याला काय आता.

संकष्टी. कोणी दिवसा खिचडी खातं, कोणी चंद्र दिसेपर्यंत काहीच घेत नाही. नऊ जण, आणि साडेनऊला नऊ डब्या जुन्या पंचांगाला विचारणार होत्या. माझ्या हातात पावणेदोन तास होते.

मी उभ्या उभ्या फोनवर लिहायला लागलो. माझी कृती चुकीची आहे, ताबडतोब काढा, आज उपवास असो वा नसो, साखर जवळ ठेवा. पंचांगाचा आकडा मी खोटा लिहिला होता. माझी बायको त्याने मरता मरता वाचली, तिच्या उपवासाचा काही दोष नव्हता. नोंदी मी पुसल्या. सगळं लिहिलं. पाठवायच्या आधी फोन हर्षदाच्या हातात दिला. ग्रुपवर तीही होती, पण तिथे वाचून तिला कळावं हे मला सोसलं नसतं.

तिने सावकाश वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. दूध वर आलं होतं, तिने मागे हात करून गॅस बंद केला.

“मी फोन करून विचारलं होतं,” ती म्हणाली. “ते नाही लिहिलं?”

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

“तेही लिहा.”

मी लिहिलं. पाठवलं, आणि लगोलग एकेकाला फोन लावले. साडेआठपर्यंत आठ जण सापडले. एकाने शिव्या दिल्या, बाकीच्यांनी दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नववी उचलेना. शैलजा थोरवत, उंब्रज, वय सहासष्ट, निवृत्त पोस्टमास्तर. पाचदा लावला. गार्गीने ग्रुपच्या यादीतून पत्ता दिला. मी गाडीची किल्ली घेतली तर हर्षदा पर्स घेऊन दारात उभी.

ती म्हणाली, तुम्ही एकटे जाऊन त्या बाईला खा म्हणालात तर ती ऐकेल होय? चला.

हायवेवर पुलाचं काम चालू होतं. अठरा किलोमीटरला दीड तास गेला. आमची गाडी स्वतः चालणारी, त्यामुळे माझ्या हातांना कामही नव्हतं. हर्षदा खिडकीबाहेर बघत होती. तिच्या भुवईवरची ताजी खूण माझ्याच बाजूला होती.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजत आले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. थोरवतबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात परातीत उकडीचं पीठ, ताटात गूळखोबऱ्याचं सारण, मोदकांची तयारी. अंगातून घामाच्या धारा, पोलकं भिजलेलं, आणि पिठावर नुसतंच हात फिरवणं चाललं होतं. डबीवर लाल दिवा लागला होता, आवाज नाही. माझ्या शेवटच्या पायरीप्रमाणे त्यांनी तो बंद ठेवला होता. आकडा एकेचाळीस, आणि बाण खाली.

हर्षदाने ताटातलं मूठभर सारण उचलून त्यांच्या तोंडाशी नेलं. बाईंनी दात घट्ट मिटले. बाप्पाचं आहे, असं काहीतरी पुटपुटल्या. चंद्र उगवला नाही अजून. साखर उतरली की माणसाला कळत नाही काय चाललंय, पण आयुष्यभराचा नेम तेवढा शाबूत राहतो. हर्षदाने त्यांची हनुवटी धरली.

“मावशी, खा. नैवेद्य उष्टावल्याचं, उपवास मोडल्याचं जे काय पाप असेल ते ह्यांच्या माथी. ते बघा दारात उभे आहेत.”

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. त्यांनी तोंड उघडलं.

तीन मुठी सारण गेलं. दहा मिनिटांनी एकोणपन्नास, मग सदुसष्ट, मग ब्याण्णव. बाई हळूहळू भानावर आल्या, पदराने तोंड पुसलं आणि आम्ही कोण म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. तुम्हीच का ते पाटणकर सर? फार छान युक्ती दिलीत हो, म्हणाल्या, एकादशीला माझी साखर इतकी सुंदर होती. आणि चहा टाकायला उठायला लागल्या. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. मी बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी चहा टाकला नाही.

त्यांची डबी गार्गीने साताऱ्यातून फोनवरून पूर्ववत केली. मी फक्त फोन धरून उभा राहिलो.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे तिला बोलले ते मी उगाच? ती उठली आणि हर्षदाच्या केसांना तेल लावून द्यायला बसली. डॉक्टरांनाही मी जाऊन सांगितलं. त्यांनी केसपेपरवर काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं. मंडळाने मला काढलं नाही. गार्गीने ग्रुपवर दोनच ओळी टाकल्या, पाटणकर सरांनी स्वतः कळवलं म्हणून आज सगळे ठीक आहेत, आणि फराळमध्ये आता प्रकार मिळाला नाही तर डोस दिला जाणार नाही. गृहीत धरणं तिने काढूनच टाकलं.

त्या रविवारी हर्षदा म्हणाली, डबी एकदा गार्गीकडून तपासून घेऊ. मी म्हणालो, मी बघतो की आज. ती म्हणाली, बघायची आहे, पण तुम्ही नको. रागाने नाही म्हणाली. भाजीत मीठ नको म्हणावं तसं म्हणाली. साताऱ्याला गार्गीच्या घरी त्या दोघी आत दोन तास बसल्या होत्या आणि मी बाहेर कट्ट्यावर हर्षदाची पर्स मांडीवर घेऊन बसलो होतो. तेव्हापासून त्या डबीला माझं बोट लागलेलं नाही.

एकादशी आणि संकष्टी तिने पुन्हा धरली. खिचडी वाढून घेतली की खाण्याआधी डबीला स्वतः सांगते, आणि मुद्दाम मोठ्याने: साबुदाणा, एक वाटी. दाण्याची आमटी, अर्धी वाटी. मी बाहेरच्या खोलीत असलो तरी मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. पूर्वी एकादशीला मी चिडवायचो. आता माझी टाप नाही.

काल हरतालिका होती. सकाळी इनामदारकाकू बोलवायला आल्या. हर्षदा म्हणाली, येईन नमस्काराला, पण आता निर्जळी करत नाही. काकू गेल्यावर तिने चहा केला, दोन कप आणून टेबलावर ठेवले आणि डबीला सांगितलं: चहा एक कप, साखर एक चमचा. मग कप उचलून माझ्याकडे बघत पहिला घोट घेतला.

“तुमच्या आयुष्याचं आता तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली.

ती चेष्टेने म्हणाली का, ते मला कळलं नाही. टाक्यांमुळे तिची डावी भुवई कायमची थोडी वर राहिलीय, त्यामुळे आता तिचा चेहरा मला पहिल्यासारखा वाचता येत नाही. आणि विचारायची हिंमत झाली नाही. मी खाली बघून माझा चहा प्यायलो आणि दोन्ही कप विसळून ठेवले.